सातवे आरमार आणि बाल्टिमोरच्या होड्या

१९७१च्या डिसेंबरात अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागरात शिरले, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या मागच्या पिढीला चांगली ठाऊक आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सामान्य माणसांनी आपल्याच राष्ट्राध्यक्षाच्या पाकिस्तानधार्जिण्या धोरणाला गोदीत, रस्त्यावर, सरकारी कचेरीत आणि संसदेत जी आडकाठी केली, तिची हकीकत मात्र मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. पहिलीच गोष्ट लक्षात राहिल्यामुळे अमेरिका म्हणजे तिचा राष्ट्राध्यक्ष आणि त्याच्या युद्धनौका, असा समज घट्ट बसला, आणि त्या देशात सत्तेला विरोध कसा उभा राहतो, तो कुठे यशस्वी होतो आणि कुठे कमी पडतो, हे समजून घेण्याची एक चांगली संधी हातची गेली. या दोन्ही गोष्टींचे धागे मावळापर्यंत येऊन पोचतात, कारण त्या डिसेंबरात भारतीय नौदलाची भिस्त ज्या विद्येवर होती, ती शिकवणारी शाळा लोणावळ्याच्या डोंगरावर आहे.

लोणावळ्याहून भुशी धरणाकडे आणि पुढे टायगर पॉइंटकडे जाणाऱ्या वाटेवर 'आयएनएस शिवाजी' ही नौदलाची संस्था आहे. समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर असूनही तिच्या नावामागे जहाजाप्रमाणे 'आयएनएस' लागते, कारण नौदलाच्या रिवाजानुसार जमिनीवरचे तळ आणि प्रशिक्षणसंस्थाही जहाजासारख्याच सेवेत दाखल केल्या जातात. दुसरे महायुद्ध संपत आले असताना, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी, 'एचएमआयएस शिवाजी' या नावाने ती सुरू झाली आणि तेव्हापासून जहाजांची इंजिने, बॉयलर, टर्बाइन आणि इतर यंत्रसामग्री चालवण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण नौसैनिक आणि अधिकारी तेथे घेत आले आहेत. १३ फेब्रुवारी २०२० रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिला राष्ट्रपतींचे निशाण मिळाले. पावसाळ्यात भुशीच्या पायऱ्यांवर भिजायला येणाऱ्या गर्दीला या कुंपणाआडच्या कामाची क्वचितच कल्पना असते. युद्धनौकेचे शौर्य डेकवर दिसते, पण जहाज वेळेवर जागेवर पोचते की नाही हे खाली, इंजिनघरात ठरते.

हे १९७१मध्ये अगदी उघड झाले. भारताकडे तेव्हा एकच विमानवाहू नौका होती, ती म्हणजे 'विक्रांत', आणि १९७०च्या जूनमध्ये तिच्या बॉयलरांच्या पोलादी ड्रमांना आतून भेगा पडल्याचे आढळले. विमानवाहू नौकेवर वाफेला दुहेरी काम असते: ती टर्बाइन फिरवून जहाज पुढे ढकलते आणि कॅटापल्ट नावाच्या यंत्रातून विमानाला धावपट्टीवरून हवेत फेकते. शिवाय विमान उडताना त्याला समोरून पुरेसा वारा लागतो, आणि वारा पडलेला असेल तर जहाजाला स्वतःच्या वेगाने तो निर्माण करावा लागतो. वाफ कमी म्हणजे वेग कमी, आणि वेग कमी म्हणजे विमानाचे उड्डाणच धोक्यात, अशी ही साखळी आहे. भेगा वेल्डिंगने बुजण्यासारख्या नव्हत्या आणि नवे ड्रम ब्रिटनहून यायचे होते. मधल्या महिन्यांत जहाज मुंबईत जवळजवळ निकामी अवस्थेत उभे होते. अखेर १९७१च्या मार्चमध्ये, दाब कमी ठेवून, बॉयलर पुन्हा पेटवण्यात आले आणि नौदलाने मर्यादित वेगाच्या या जहाजाला पूर्व किनाऱ्यावर धाडण्याची जोखीम पत्करली. ४ डिसेंबरपासून त्याच विक्रांतवरून उडालेल्या सी-हॉक आणि अलीझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावची बंदरे बंद पाडली. अमेरिकेची 'एंटरप्राइझ' ही जगातली पहिली अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका, विक्रांतच्या चौपटीहून मोठी, त्याच पाण्याकडे निघाली, तेव्हा तिच्यासमोर भारताचे हे बॉयलर दुखावलेले जहाज होते. इंजिनघरातल्या माणसांच्या त्या महिन्यांतल्या मेहनतीला युद्धाच्या इतिहासात मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

ही वेळ का आली, हे पाहण्यासाठी मार्चपर्यंत मागे जावे लागते. २५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली आणि पुढच्या महिन्यांत सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी याकडे डोळेझाक केली, त्याचे मोठे कारण चीन होते. वीस-बावीस वर्षे राजनैतिक संबंध नसलेल्या चीनशी जवळीक साधण्यासाठी पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान मध्यस्थी करत होते, आणि जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानातूनच गुप्तपणे पेकिंगला जाऊन आले. या सौद्यात बंगाली माणसांच्या जिवाला किंमत उरली नाही. ९ ऑगस्टला भारताने सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला, तो याच एकटेपणातून. नोव्हेंबरच्या प्रारंभी इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या, पण त्या भेटीतून काहीही निष्पन्न झाले नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्ष हा सर्व सैन्याचा सर्वोच्च सेनापती असतो. युद्ध जाहीर करण्याचा आणि सरकारी पैसा मंजूर करण्याचा अधिकार मात्र काँग्रेसचा असतो. काँग्रेस हे तेथील संसदेचे नाव असून तिची हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज आणि सिनेट अशी दोन सभागृहे आहेत. आपल्याकडील पंतप्रधानाप्रमाणे राष्ट्राध्यक्षाला संसदेतल्या बहुमताचा रोजचा आधार लागत नाही. महाभियोगाचा अपवाद सोडला तर काँग्रेसला त्याला मुदतीआधी हटवता येत नाही. त्यामुळे मधल्या काळात त्याला विरोध करायचा तर तो पैशाच्या मंजुरीवर, वृत्तपत्रांत, न्यायालयात, नोकरशाहीच्या आत किंवा थेट रस्त्यावर करावा लागतो. १९७१मध्ये यांतले बहुतेक मार्ग एकाच प्रश्नावर वापरले गेले.

पहिला विरोध सरकारी कचेरीतून आला. ढाक्यातील अमेरिकेचे महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांच्या कचेरीने ६ एप्रिलला वॉशिंग्टनला एक तार पाठवली, तिच्यात वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या धोरणाशी असहमती नोंदवली होती आणि लोकशाही चिरडली जात असताना सरकार गप्प बसल्याचा दोष दिला होता. व्हिएतनाम युद्धावरून परराष्ट्र खात्यात जी खदखद होती, तिला वाट देण्यासाठी अधिकाऱ्यांना मतभेद कळवण्याची एक अधिकृत सोय नुकतीच करण्यात आली होती. तिचा वापर करून पाठवलेली ही तार आज 'ब्लड टेलिग्राम' या नावाने ओळखली जाते. ब्लड यांना ढाक्यातून परत बोलावण्यात आले आणि त्यांच्या पुढच्या बढत्या खुंटल्या. १३ जूनला लंडनच्या 'संडे टाइम्स'मध्ये अँथनी मस्कारेन्हास यांचा वृत्तांत आला, तो तर जगाला हादरवणारा ठरला. मस्कारेन्हास मूळचे गोव्याच्या ख्रिस्ती घराण्यातले, जन्म बेळगावचा, कराचीत वाढलेले आणि तिथेच पत्रकारी करणारे. पाकिस्तानी लष्कराने प्रचारासाठी पूर्व बंगालात नेलेल्या पत्रकारांत ते होते, आणि तिथे पाहिलेले खरे लिहायचे तर कराचीतले घरदार कायमचे सोडावे लागेल हे जाणून त्यांनी आधी कुटुंबाला बाहेर काढले, मग लेख छापू दिला. सीमाभागात जन्मलेल्या या माणसाचे नाव त्या वर्षाच्या मराठी आठवणींत अभावानेच येते, ही खेदाची गोष्ट आहे.

२२ जूनला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले की, शस्त्रविक्री थांबवल्याचे सांगूनही आधी परवाने दिलेला लष्करी माल पाकिस्तानी जहाजांतून रवाना होतच आहे. या जहाजांपैकी एकाचे नाव 'पद्मा' होते. ज्या नदीकाठची गावे जळत होती, तिचेच नाव शस्त्रे नेणाऱ्या जहाजाला होते. जुलैच्या मध्याला ती बाल्टिमोर बंदरात येणार असे कळताच फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरमधल्या काही माणसांनी ती अडवण्याचे ठरवले. त्यांत क्वेकर पंथाचे लोक पुढे होते. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला शांततावादी पंथ असून शस्त्र न उचलणे हे त्याच्या अनुयायांचे व्रत मानले जाते. रिचर्ड टेलर यांच्या पुढाकाराने ही मंडळी वल्ह्यांच्या लहान कनू आणि कयाक होड्या घेऊन बंदराच्या पाण्यात उतरली आणि हजारो टनांच्या मालवाहू जहाजाच्या वाटेत उभी राहिली. तटरक्षक दल आणि पोलिसांनी त्यांना ओढून बाजूला केले, अटक केली. होड्यांनी पद्मा काही थांबली नाही. पण वृत्तपत्रे आणि टीव्हीवर ती दृश्ये गेली आणि ज्यांना पूर्व बंगाल नकाशावर दाखवता आला नसता, अशा अमेरिकी घरांत हा प्रश्न पोचला.

याहून परिणामकारक पाऊल गोदी कामगारांनी उचलले. ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाच्या कामगारांनी पाकिस्तानी जहाजात माल भरायला नकार दिला. एका दिवसाची मजुरी बुडवून दूरदेशीच्या अनोळखी माणसांसाठी हात आखडून घेणाऱ्या या कामगारांचे मोल मुंबईच्या गोदीत किंवा गिरणीत ज्यांच्या घरचे कोणी राबले आहे, त्यांना सांगावे लागत नाही. १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी घडवून आणलेल्या 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'च्या दोन खेळांना मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते आले. शरदात पद्मा अडवू पाहणाऱ्या गटांतल्या कार्यकर्त्यांनी व्हाइट हाउससमोरच्या लाफाएत चौकात सांडपाण्याचे मोठे पाईप मांडून त्यांत मुक्काम ठोकला, कारण कोलकात्याजवळ निर्वासितांची कुटुंबे अशाच पाईपांत राहत होती. राष्ट्राध्यक्षाच्या खिडकीपुढे निर्वासितांची वस्ती उभी करण्याची ही कल्पना साधी होती, पण कोणत्याही पत्रकापेक्षा ती थेट होती.

अंगाने आडवे पडून यंत्राची वाट अडवण्याची ही रीत मावळाला परकी नाही. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजघरात उतरवून मुंबईला वीज देण्याची टाटांची योजना १९१५मध्ये सुरू झाली, आणि पुढे मुळशी पेट्यात नवे धरण बांधायला घेतल्यावर १६ एप्रिल १९२१ रोजी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी होते. धरणाच्या कामावर जाऊन बसणे, काम बंद पाडणे, अटक करून घेणे हे मार्ग तेव्हा शेतकऱ्यांनी वापरले. जगातल्या धरणविरोधी लढ्यांत त्याची गणना अगदी पहिल्यांत होते. बाल्टिमोरच्या क्वेकरांनी गांधींच्या सत्याग्रहाचा धडा गिरवला होता, आणि मुळशीचा लढा त्याच परंपरेतला असल्यामुळे या दोन घटनांत नात्याचा धागा आहे. मुळशीचे धरण झाले आणि पद्माही गेली. तरी मुळशीने विस्थापितांचा प्रश्न देशापुढे मांडला आणि पद्मामुळे वॉशिंग्टनला एका लपवलेल्या व्यवहाराचा जाब द्यावा लागला, हे या लढ्यांचे फळ अपयशाच्या खात्यात टाकता येत नाही.

या विरोधाला बळ मिळाले ते व्हिएतनामविरोधी चळवळीमुळे. १५ ऑक्टोबर १९६९च्या देशव्यापी निषेधदिनी लाखो अमेरिकी नागरिक रस्त्यावर आले होते. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात निदर्शकांवर झालेल्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. १९७१च्या जूनमध्ये युद्धाविषयीचे गुप्त सरकारी दस्तऐवज, ज्यांना 'पेंटॅगॉन पेपर्स' म्हणतात, छापून आले. चळवळ नौदलातही शिरली होती. कॅलिफोर्नियातील अलामेडा तळावरची 'कोरल सी' ही विमानवाहू नौका व्हिएतनामला जाऊ नये म्हणून १९७१च्या शरदात तिच्यावरच्या हजाराहून अधिक नौसैनिकांनी अर्जावर सह्या केल्या. एंटरप्राइझचे घरही हाच अलामेडा तळ. भारताला धाक घालायला आलेल्या आरमारातल्या या मुख्य नौकेच्या घरच्या बंदरातच राष्ट्राध्यक्षाच्या युद्धाबद्दल इतकी नाराजी होती, ही माहिती तेव्हा भारतीय वृत्तपत्रांच्या वाचकांपर्यंत पोचली असती, तर त्या आरमाराकडे पाहण्याची दृष्टी कदाचित वेगळी असती.

काँग्रेसमध्येही वारे फिरले. सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये भारतातल्या निर्वासित छावण्यांत फिरून गेले. हाउसने पाकिस्तानची मदत रोखणारी दुरुस्ती मंजूर केली. नोव्हेंबरात उरलेले शस्त्रपरवानेही रद्द झाले.

डिसेंबरात युद्ध पेटल्यावर मात्र निक्सन यांनी हे सारे अडथळे ओलांडले. १० डिसेंबरला त्यांनी व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळच्या ताफ्यातून एंटरप्राइझ आणि सोबतच्या जहाजांचे पथक हलवण्याचा हुकूम दिला. ढाक्यातल्या अमेरिकी नागरिकांना सोडवण्याचे कारण पुढे करण्यात आले, पण परदेशी नागरिकांना ब्रिटिश विमानांनी १२ डिसेंबरलाच बाहेर काढले होते. पथक १५ डिसेंबरला उपसागरात शिरले आणि दुसऱ्याच दिवशी ढाक्यात शरणागती झाली. याच दिवसांत जॉर्डनमार्फत पाकिस्तानला अमेरिकी बनावटीची लढाऊ विमाने देण्याचा जो खटाटोप झाला, तो कायद्यात बसत नाही असे अधिकाऱ्यांनी सांगूनही निक्सन आणि किसिंजर यांनी तो रेटला, हे पुढे खुल्या झालेल्या ध्वनिफितींवरून आणि कागदपत्रांवरून सिद्ध झाले आहे. काही दिवसांतच स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी गुप्त बैठकांची टिपणे छापली आणि राष्ट्राध्यक्ष पाकिस्तानच्या बाजूने झुकत असताना जनतेला तटस्थतेची ग्वाही दिली जात होती, हे उघडे पडले. अँडरसन यांना या कामासाठी १९७२चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ही गळती शोधण्यासाठी व्हाइट हाउसने जे गुप्त पथक कामाला लावले, त्याच्याशी जोडलेली माणसे पुढे वॉटरगेटच्या घरफोडीत सापडली, आणि त्या प्रकरणातूनच ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला.

यावरून जनतेच्या विरोधाने राष्ट्राध्यक्ष पाडला, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. मधल्या काळात, १९७२च्या नोव्हेंबरात, निक्सन पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकून पुन्हा निवडून आले होते. बंगालच्या प्रश्नाने त्यांची मते घटली नाहीत. विरोधाचे खरे फळ कायद्यात उतरले. ७ नोव्हेंबर १९७३ रोजी काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार दोन-तृतीयांश मतांनी मोडून युद्धाधिकारांचा कायदा केला: सैन्य लढाईत उतरवल्यास राष्ट्राध्यक्षाने ४८ तासांत काँग्रेसला कळवावे आणि संमतीविना ते ६० दिवसांहून अधिक काळ लढवू नये. त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने या कायद्याला बगल देण्याचा प्रयत्न केला आहे. २२ जून २०२५ रोजी इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्बहल्ला झाला तो काँग्रेसला न विचारताच, आणि त्या महिन्याच्या अखेरीस राष्ट्राध्यक्षाचे हात बांधणारा ठराव सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. त्याच जूनच्या १४ तारखेला, वॉशिंग्टनमध्ये लष्करी संचलन चालू असताना, देशभरातल्या शेकडो गावांत 'नो किंग्ज' या घोषणेखाली लोक जमले होते, आणि १८ ऑक्टोबरला ते पुन्हा जमले. मोठ्या शहरांबरोबर लहान गावांतले निवृत्त शिक्षक, परिचारिका, माजी सैनिक या निदर्शनांत होते; बाल्टिमोरच्या होड्यांत बसलेली माणसेही अशाच साध्या वकुबाची होती.

जहाजांची इंजिने शिकवणाऱ्या लोणावळ्याच्या दृष्टीने या सगळ्याचा अर्थ आता पालटला आहे. १९७१ची विक्रांत ब्रिटिश बनावटीच्या बॉयलरवर चालत होती. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत सेवेत आलेली नवी विक्रांत जनरल इलेक्ट्रिकच्या रचनेच्या चार एलएम-२५०० गॅस टर्बाइनवर चालते. हेच टर्बाइन शिवालिक वर्गाच्या युद्धनौकांवर आहे, आणि २००९मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याचे काम काही काळ थांबवायला लावल्यामुळे शिवालिकचे वेळापत्रक कोलमडले होते. त्याआधी, १९९८च्या अणुचाचण्यांनंतर लादलेल्या निर्बंधांमुळे सुटे भाग मिळेनात आणि नौदलाची सी-किंग हेलिकॉप्टरे जमिनीवर बसली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा कल कोणत्या बाजूला आहे, हे भारताला आता आरमार पाठवून कळवण्याची गरज उरलेली नाही. परवान्याच्या एका कागदावर तो कळतो. मात्र तो कागदही राष्ट्राध्यक्षाच्या एकट्याच्या हातात नाही. व्हिएतनामनंतरच्या त्याच दशकात, १९७६मध्ये, काँग्रेसने शस्त्रनिर्यातीच्या नियंत्रणाचा कायदा करून मोठ्या संरक्षण सौद्यांची सूचना आधी संसदेला देण्याचे बंधन घातले आणि ते ठरावाने अडवण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. भारताशी होणारे असे सौदे आज त्याच समित्यांपुढे जातात, आणि त्या समित्यांतल्या सदस्यांना मत देणाऱ्यांमध्ये पुणे आणि मावळातून जाऊन तिथले नागरिक झालेली मराठी कुटुंबेही आहेत.